घरी इथेनॉल इंधन ठेवायचंय? अर्ज कधी लागतो, कधी लागत नाही

खारघरचा माझा भाचा मध्यंतरी आला तो एकच प्रश्न घेऊन. "मामा, ई-८५ घरी ठेवायचं तर लायसन लागतं ना? एजंट आठ हजार सांगतोय." त्याला ठेवायचं होतं २० लिटर. एवढ्यासाठी लायसनचा अर्जच करावा लागत नाही, त्यामुळे आठ हजार कशाचे ते एजंटलाच ठाऊक.

ई-८५ म्हणजे ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल आणि बाकी पेट्रोल. पेट्रोलसारखं द्रव हायड्रोकार्बन मिसळलेलं कुठलंही ज्वलनशील मिश्रण पेट्रोलियम अधिनियम, १९३४ खाली 'पेट्रोलियम' ठरतं. त्यात २३ अंश सेल्सिअसच्या खालीच पेट घेण्याइतकी वाफ सोडणारं इंधन 'अ' वर्गात मोडतं. पेट्रोल त्यातलंच, ई-८५ही त्यातलंच.

याच कायद्याचं कलम ८ सांगतं की विक्रीसाठी नसलेलं 'अ' वर्गाचं पेट्रोलियम एकूण ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय बाळगता येतं. 'एकूण' म्हणजे बाल्कनीतला डबा आणि माळ्यावरचा डबा वेगळे मोजायचे नाहीत. आणि 'विक्रीसाठी नसलेलं' हे शब्दही नीट वाचा. रेसिंग ट्रॅकवर मित्राला पाच लिटर दिलंत आणि त्याचे पैसे घेतलेत, तर ही सवलत तुमच्यासाठी उरत नाही.

लोक अडकतात ते डब्यावर. भाच्याच्या डोक्यात होता पाण्याचा २० लिटरचा निळा जार. कायद्यात भांड्यांचे तीनच प्रकार लिहिलेत: काच, चिनीमाती आणि धातू. काचेचं किंवा चिनीमातीचं असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत, आणि तोंड घट्ट बंद. प्लास्टिकचं नावही नाही. शिवाय २००२ च्या पेट्रोलियम नियमांप्रमाणे एक लिटरपेक्षा मोठा डबा स्फोटकांच्या मुख्य नियंत्रकांनी मान्य केलेल्या प्रकारचाच हवा, आणि भरताना किमान ५ टक्के जागा रिकामी सोडायची. काठोकाठ भरलेला डबा एप्रिलच्या दुपारी गच्चीवरच्या खोलीत फुगतो, त्यासाठीच ही जागा. डबा लोकलने मात्र आणू नका. रेल्वेत असा धोकादायक माल नेणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गाडीमालकांसाठी कलम ९ ची सवलत थोडी मोठी आहे, टाकीतल्या इंधनाशिवाय जास्तीत जास्त १०० लिटरपर्यंतची. पण साठा ३० लिटरच्या वर गेला की तो वेगळ्या जागी ठेवावा लागतो, आणि त्या जागेचा माणसं राहतात किंवा काम करतात अशा कुठल्याही खोलीशी संबंध नको. घोडबंदर रोडवरच्या टू-बीएचकेमध्ये अशी जागा दाखवा! आणि सोसायटीच्या आदर्श उपविधींमध्ये ज्वालाग्राही माल साठवायला मनाई आहेच, म्हणजे कायद्याने चालणारे २० लिटरही सेक्रेटरी अडवू शकतो.

त्याहून मोठा साठा, किंवा विक्री, असेल तरच कागदपत्रांचा प्रश्न येतो. ठाणे आणि नवी मुंबईत पोलीस आयुक्तालयं असल्यामुळे कायद्यातलं 'जिल्हा प्राधिकरण' म्हणजे पोलीस आयुक्त. आयुक्तालय नसलेल्या भागात जिल्हाधिकारी. ना-हरकत त्यांच्याकडून घ्यायची. मोठ्या साठ्याचा परवाना 'पेसो' म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना देते. मुख्यालय नागपूरला, पण आपल्यासाठी पश्चिम मंडळाचं कार्यालय सीबीडी बेलापूरलाच आहे. अर्जासोबत सहसा जागेचा आणि आजूबाजूच्या परिसराचा मापाचा नकाशा, मालकीचा किंवा भाडेकराराचा कागद, ओळखपत्र आणि शुल्काची पावती लागते. नकाशा नेहमीच्या आर्किटेक्टकडून घाईघाईत काढून घेऊ नका, अर्ज परत येतात ते बहुतेक त्याच्यामुळेच.

शुद्ध स्पिरिट, म्हणजे निव्वळ इथेनॉल, विकत आणून घरी मिसळायचा विचार असेल तर तो सोडा. ते महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली येतं आणि तिथे गाठ राज्य उत्पादन शुल्क विभागाशी. औद्योगिक अल्कोहोलही राज्याच्याच अखत्यारीत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. पंपावरचा पर्याय म्हणजे इंडियन ऑइलचं 'इथेनॉल १००'. मार्च २०२४ मध्ये ते महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या १८३ पंपांवर सुरू झालं. त्यात साधारण ९३ टक्के इथेनॉल असतं, बाकी पेट्रोल आणि दोन्ही नीट मिसळून ठेवणारा थोडा सहद्रावक.

साठवलेलं इंधन पावसाळ्यात फार दिवस ठेवू नका. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि अर्ध्या रिकाम्या डब्यात जुलैची हवा भरपूर मावते. त्याची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही, म्हणजे आग लागली तरी पटकन कळत नाही. म्हणून डबा उघडताना जवळपास ठिणगी पाडू शकणारं काही नको, पिठाची गिरणी नको की इन्व्हर्टर.

हे सगळं सांगून झाल्यावर मी भाच्याला आरसी आणायला सांगितली. इंधनाच्या रकान्यात 'पेट्रोल'. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या इंधनात परस्पर बदल करता येत नाही, आणि १८२-अ खाली मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मॅन्युअल उघडलं, त्यात ई-२० च्या पुढचं काही लिहिलेलं नव्हतं. निळा जार आता पुन्हा पाण्यासाठी वापरतात.