निलगिरी पर्वतीय रेल्वे : वाफेच्या गाडीची एकदिवसीय सफर

तमिळनाडूतील मेट्टुपाळयम ते उदगमंडलम, म्हणजे आपल्या तोंडची उटी, हा सुमारे ४६ किलोमीटरचा मीटर गेज लोहमार्ग. दातेरी रुळावर चालणारी भारतातली ही एकमेव रेल्वे. मेट्टुपाळयम ते कुन्नूर या खालच्या टप्प्यात अजूनही वाफेचे इंजिन नेहमीच्या वेळापत्रकाप्रमाणे गाडी ओढते. खरे तर ओढत नाही, ढकलते; त्याबद्दल पुढे. युनेस्कोने २००५ साली या मार्गाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. दार्जिलिंगच्या रेल्वेला ती १९९९ मध्येच मिळाली होती, कालका-सिमला मार्गाला २००८ मध्ये मिळाली.

मराठी पर्यटक या गाडीला सरसकट ‘टॉय ट्रेन’ म्हणतात. माथेरानच्या गाडीवरून आलेली ही सवय. पण नेरळ-माथेरानच्या दोन रुळांतले अंतर दोन फूट, तर इथले एक मीटर. डबे लहान दिसत असले तरी काम खेळण्यातले नाही. कर्जत-लोणावळा आणि कसारा-इगतपुरी या घाटांत ३७ मीटरला एक मीटर चढ आहे आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून बँकर इंजिने लावावी लागतात. निलगिरीच्या मार्गावर सर्वांत तीव्र चढ साडेबारा मीटरला एक मीटर, म्हणजे बोरघाटाच्या तिप्पट आहे. एवढ्या चढावर गुळगुळीत रुळावरचे गुळगुळीत चाक जागच्या जागी फिरत राहते. या रेल्वेची सगळी रचना आणि तिची कीर्ती या एका अडचणीतून आलेली आहे.

इतिहास

कोइमतूरचा जिल्हाधिकारी जॉन सलिव्हन याने १८२०च्या दशकात उटी वसवायला सुरुवात केली. पुढे मद्रास इलाख्याचे सरकार उन्हाळ्यात तिथे मुक्काम हलवू लागले. डोंगरावर रेल्वे न्यायची कल्पना १८५४ मध्येच मांडली गेली होती, पण ती कागदावरच राहिली. १८७३ मध्ये मद्रासकडून येणारी रेल्वे पायथ्याच्या मेट्टुपाळयमपर्यंत पोचली आणि तिथून वर टांगा किंवा बैलगाडी हाच उपाय उरला. १८८२ मध्ये स्वित्झर्लंडच्या रिगी पर्वतावर दातेरी रेल्वे बांधणारे नीक्लाउस रिगेनबाख निलगिरीत येऊन पाहणी करून गेले. १८८५ मध्ये कंपनी निघाली आणि १८९१ मध्ये मद्रासच्या गव्हर्नरच्या हस्ते पहिली कुदळ पडली. पण पैसा पुरला नाही, कंपनी बुडाली आणि दुसऱ्या कंपनीने काम उचलले. जून १८९९ मध्ये गाडी कुन्नूरपर्यंत पोचली. उटीला पोचायला १९०८ उजाडले. पहिल्या कल्पनेपासून शेवटच्या स्थानकापर्यंत ५४ वर्षे लागली.

दातेरी रुळासाठी शेवटी रिगेनबाख यांची पद्धत नव्हे, तर त्यांचेच देशबांधव रोमान आप्ट यांची पद्धत निवडली गेली. दोन रुळांच्या मधोमध, त्यांच्यापेक्षा किंचित उंच, दातांच्या दोन पोलादी पट्ट्या शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. एका पट्टीचा दात जिथे असतो तिथे दुसऱ्या पट्टीची खाच येते. त्यामुळे इंजिनाच्या दंतचक्राचा एखादा तरी दात सतत पकडीत राहतो आणि हिसके कमी बसतात.

इंजिन

सुरुवातीची इंजिने मँचेस्टरच्या बेयर पीकॉक कारखान्यातली होती. आज ज्यांच्यासाठी लोक जगभरातून येतात ती ‘एक्स’ वर्गाची इंजिने स्वित्झर्लंडमधील विंटरथूरच्या कारखान्याने १९१४ पासून पुरवली. शेवटची खेप १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला आली. बाजूला उभे राहून पाहिले तर साध्या इंजिनात एकाच जागी दिसणारे सिलिंडर इथे एकावर एक असे दोन दिसतात. दोन्ही बाजूंचे धरून चार. खालची जोडी नेहमीची चाके फिरवते, वरची जोडी दंतचक्रे. सपाटीवर फक्त खालची जोडी काम करते आणि तिच्यातून सुटलेली वाफ थेट धुरांड्यातून बाहेर जाते. चढ सुरू झाला की तीच वापरलेली वाफ वरच्या मोठ्या सिलिंडरांत वळवली जाते. एकदा राबलेली वाफ दुसऱ्यांदा राबते. वरच्या जोडीची गती दंतचक्रांपर्यंत गिअरमधून पोचत असल्याने सिलिंडरांना जोडलेले वरचे दांडे खालच्या दांड्यांच्या उलट दिशेने फिरताना दिसतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, यंत्रात काहीतरी बिघडले आहे.

ही इंजिने मुळात कोळशावर चालत. जंगलातून जाणाऱ्या मार्गावर ठिणग्यांनी वणवा पेटण्याची भीती आणि चांगल्या कोळशाची वानवा यांमुळे पुढे तेलावर चालणारी इंजिने आली. त्यातली एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. चित्तरंजनच्या कारखान्याने वाफेचे शेवटचे इंजिन १९७२ मध्ये बांधले आणि देशातला हा उद्योग तिथेच संपला असे सगळ्यांनी धरले. मात्र तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कार्यशाळेने २०११ पासून या मार्गासाठी ‘एक्स’ वर्गाची नवी तेलइंजिने बांधून दिली आणि २०२१ मध्ये कोळशावर चालणारे नवे इंजिनही बाहेर काढले. तेव्हा इथे ‘ऐतिहासिक’ हा शब्द जपून वापरावा. मार्ग शंभर वर्षांहून जुना, आराखडा जुना, पण पुढ्यात उभे असलेले इंजिन तुमच्या मोबाइलच्या बरोबरीचेही असू शकते.

सफर

गाडी मेट्टुपाळयमहून सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी सुटते आणि दुपारी बाराच्या सुमारास उटीला पोचते. ४६ किलोमीटरला जवळजवळ पाच तास. चेन्नईहून रात्रभर येणारी निलगिरी एक्सप्रेस पहाटे मेट्टुपाळयमला लागते, तिचे प्रवासी फलाट ओलांडून या गाडीत बसतात. महाराष्ट्रातून जाणाऱ्याला कुर्ल्याहून पुणे-सोलापूरमार्गे कोइमतूरला जाणारी गाडी सोयीची आहे. कोइमतूरला मुक्काम करून पहाटे निघणे किंवा आदल्या रात्री मेट्टुपाळयमलाच राहणे, असे दोन पर्याय उरतात. दुसरा बरा, कारण सुटण्याआधीचा अर्धा तास हुकवण्यासारखा नसतो. इंजिन डब्यांच्या मागच्या टोकाला येऊन लागते, फायरमन तेलाची बुधली घेऊन दांड्यांच्या सांध्यांत तेल सोडत हिंडतो आणि भोवती कॅमेरेवाल्यांचे कोंडाळे जमते.

पहिले आठ किलोमीटर सपाटीचे. सुपारीच्या बागा, नारळ, दमट उकाडा. ही कोकणातल्या सकाळसारखी हवा पाहून नव्या प्रवाशाला स्वेटर आणल्याचा पश्चात्ताप होतो. कल्लार स्थानक गेले की गाडी एकदम रांगू लागते. दातेरी पट्टीचे पहिले टोक स्प्रिंगवर बसवलेले असते, म्हणजे दंतचक्राचा दात दातावर आदळला तरी पट्टी थोडी दबून त्याला खाचेत जागा करून देते. तो क्षण पायांना कळतो. फळीखालून एक घरघर सुरू होते आणि इंजिनाच्या झुकझुकीला दुसरा, वेगळ्या तालाचा आवाज येऊन मिळतो. दोन ताल कधी जुळतात, कधी सुटतात. आता वेग ताशी १३ किलोमीटरच्या वर जात नाही. सायकलवाला सहज पुढे जाईल, पण इथे सायकल चढवणार कोण!

इंजिन नेहमी उताराच्या बाजूला असते. चढताना मागून ढकलते आणि उतरताना पुढे राहून गाडी पेलते, म्हणजे एखादा डबा सुटला तरी तो इंजिनावरच येऊन टेकावा. त्यामुळे चालकाला पुढचा मार्ग दिसत नाही. ती उणीव ब्रेक्समन भरून काढतात. प्रत्येक डब्याच्या टोकाला छोटा उघडा सज्जा असतो, त्यात एकेक ब्रेक्समन उभा. सर्वांत पुढचा मार्गावर नजर ठेवून हिरवा किंवा लाल बावटा दाखवतो, त्याच्या मागचा तोच बावटा पुढे देतो आणि खूण एकेक डबा मागे सरकत चालकापर्यंत पोचते. रुळावर हत्ती येतात, दगड येतात, झाड आडवे पडते. ते आधी याच माणसाला दिसते. डब्यांना ब्रेकही दोन तऱ्हेचे, एक चाकांना आणि दुसरा दातेरी पट्टीत फिरणाऱ्या चक्राला.

या रचनेचा प्रवाशाला एक फायदा होतो जो इतर वाफेच्या गाड्यांत नसतो. धूर मागे राहतो. पहिल्या वर्गाचे आसन गाडीच्या पुढच्या टोकाला असते आणि तिथून बोगद्याचे तोंड, पुलाचा कठडा, दरीत वळणारा रूळ असे सगळे समोरून अंगावर येते. उलट ज्याला इंजिनच ऐकायचे आहे त्याने दुसऱ्या वर्गातला, इंजिनाला लागून असलेला शेवटचा डबा धरावा. दोन्ही एकाच तिकिटात मिळत नाहीत.

संपूर्ण मार्गावर १६ बोगदे, २०८ वळणे आणि लहानमोठे २५० पूल मोजले जातात. बोगद्यात पोरेटोरे आणि त्यांचे आईबाप सारख्याच उत्साहाने ओरडतात, हा मात्र बोरघाटातला आणि इथला रिवाज एकच. वाटेत इंजिनाला पाणी प्यायला थांबावे लागते. हिलग्रोव्हचा थांबा त्यांतला सर्वांत रंगतदार. उंचावरच्या टाकीची सोंड इंजिनाकडे वळवली जाते, पाण्याचा लोट आत पडतो, डब्यांतले सगळे लोक खाली उतरतात आणि चहा-वडे घेतात. माकडे या वेळापत्रकात रेल्वेपेक्षा पक्की आहेत. खिडकीतल्या बिस्किटाच्या पुड्यावर त्यांचा पहिला हक्क असतो, असे समजून चालावे. इथपर्यंत येता येता सुपारी मागे पडून गर्द जंगल सुरू झालेले असते, हवेतला चिकटपणा गेलेला असतो आणि स्वेटरबद्दलचे मत बदलू लागते.

कुन्नूरला, सुमारे १,७०० मीटर उंचीवर, दातेरी पट्टी संपते. कल्लारपासून इथवरच्या २० किलोमीटरहून कमी अंतरात गाडी जवळजवळ १,३०० मीटर चढलेली असते. वाफेचे इंजिन इथे सुटते आणि डिझेल लागते. पुढच्या १९ किलोमीटरांत चढ २५ मीटरला एक मीटर इतका आहे, तो साध्या चाकांनी होतो. वेलिंग्टनची लष्करी छावणी, अरुवनकाडूचा दारूगोळ्याचा कारखाना, केट्टीची रुंद दरी, लव्हडेल, मग उटी. चहाचे मळे आणि निलगिरीची झाडे या टप्प्यात भरपूर दिसतात. पण यंत्रापुरते बोलायचे तर सफर कुन्नूरलाच संपलेली असते.

नेमकी हीच गोष्ट बहुतेक सहलींत निसटते. उटीत मुक्काम करणारी मंडळी उटी-कुन्नूरचे तिकीट काढतात, तासाभरात उतरतात आणि ‘वाफेच्या गाडीत बसून आलो’ असे घरी सांगतात. त्यांना मिळालेले असते डिझेल, आणि दातेरी रूळ तर पाहायलाही मिळत नाही. कमी वेळ असणाऱ्याने याच्या उलट करावे. सकाळी मेट्टुपाळयमहून चढून कुन्नूरला उतरावे, इंजिनांची शेड बाहेरून पाहावी, जेवण करावे आणि उटीहून दुपारी दोनला निघालेली गाडी कुन्नूरला आली की तिनेच खाली यावे. ती साडेपाचच्या सुमारास मेट्टुपाळयमला टेकते. एका दिवसात वाफेचा चढ आणि उतार दोन्ही पदरात पडतात. निवड करायचीच झाली तर चढ निवडावा. उतरताना इंजिन मुख्यतः गाडी आवरण्याचे काम करते. ते पाहण्यासारखे असले तरी चढतानाचा आवाज उतारावर येत नाही.

काळ आणि तिकीट

वेळ निवडताना मराठी माणसाचा हमखास घोळ होतो. आपला पाऊस सप्टेंबरात ओसरतो, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत उटीचा बेत आखला जातो. तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच जोर धरतो. कल्लार-कुन्नूर टप्प्यात दरडी कोसळतात, रुळाखालची माती वाहून जाते आणि गाडी कधी दिवसभर तर कधी आठवडे बंद राहते. दिवाळीत जायचेच असेल तर रस्त्याने वर जाण्याची दुसरी सोय मनात ठेवून जावे. जानेवारी ते मार्च हा काळ भरवशाचा. मे महिन्यात वळवाच्या सरी येतात आणि तिकीटही नसते.

आसने मोजकी असल्याने आरक्षण सुरू होताच संपते. आगाऊ आरक्षणाची मुदत नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांची झाली आहे, तेव्हा साठाव्या दिवशी सकाळीच बसावे. मागताना ‘उटीची टॉय ट्रेन’ न म्हणता मेट्टुपाळयमहून सुटणारी सकाळची गाडी मागावी.

महाराष्ट्रात अशी सफर आता उरलेली नाही. १९०७ साली सुरू झालेल्या माथेरानच्या गाडीची वाफेची इंजिने १९८०च्या दशकात निवृत्त झाली. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरच्या ‘शकुंतले’चे १९२१ मध्ये मँचेस्टरला बांधलेले इंजिन १९९४ पर्यंत राबले, त्यानंतर तिथेही डिझेल आले. माथेरानचे जुने इंजिन नेरळला फलाटाबाहेर रंगवून उभे केलेले आहे. पोरे त्याच्यावर चढून फोटो काढतात.