स्टॉल आधी पंखाच्या बुंध्याशी

होम मैदानावर गड्डा भरला की सोलापूरकरांसाठी स्टॉल म्हणजे दुकान. मोटारीचं इंजिन बंद पडलं तर तोही स्टॉल. होटगी रोडच्या धावपट्टीवर मात्र या शब्दाचा इंजिनाशी काही संबंध नाही. इंजिन पूर्ण ताकदीनं चालू असतानाही विमान स्टॉल होतं. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन साधारण 15-16 अंशांपलीकडे गेला की वरच्या बाजूला चिकटून वाहणारी हवा सुटते आणि उचल, म्हणजे विमानाला वर धरणारा जोर, ढासळते. त्यातही एक पंख आधी ढासळला तर विमान त्या बाजूला कोसळून गिरकी घेऊ लागतं.

या गोष्टीची किंमत सुरुवातीपासूनच मोजावी लागली. 1896 मध्ये ओटो लिलिएंथाल यांचं ग्लायडर असंच ढासळलं आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. राइट बंधूंनी आडवी शेपटी विमानाच्या पुढे लावली, त्यामागे लिलिएंथाल यांच्या अपघाताची धास्तीही होती. 1917 मध्ये स्टॉलमुळे पडलेले जर्मन वैमानिक गुस्ताव लाखमान यांना पंखाच्या पुढच्या कडेला फट ठेवण्याची कल्पना सुचली. ब्रिटनमध्ये विमान बनवणारे फ्रेडरिक हँडली पेज स्वतंत्रपणे त्याच कल्पनेपर्यंत पोहोचले. स्पेनचे हुआन दे ला सिएर्वा यांनी तर 1919 च्या अपघातानंतर स्थिर पंखाचाच नाद सोडला आणि डोक्यावर फिरत्या पात्यांचा ऑटोजायरो बनवला.

अमेरिकेत फ्रेड वाइक यांनी एरकूप या छोट्या विमानात वेगळी वाट धरली: वैमानिकाला नाक गिरकीपर्यंत वर उचलताच येऊ नये, इतकीच हालचाल शेपटीच्या पाळीला ठेवली. मला हा उपाय हुशार वाटतो, पण थोडा सासुरवाशिणीला घालतात तशा बंधनाचा.

घरी विमान बांधणाऱ्यांची अडचण आणखी निराळी. यंत्रमागावरच्या दोन चादरी सारख्या उतरतात. गॅरेजमध्ये हातानं बनवलेले डावा-उजवा पंख तसे उतरतीलच असं नाही. पुढच्या कडेची गोलाई किंचित बदलली तरी एक बाजू आधी स्टॉल होते. म्हणजे एकाच नकाशावरून बांधलेली दोन विमानं वेगवेगळी वागू शकतात.

अमेरिकी विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या 1975 च्या व्हॅरीईझ या विमानानं या मंडळींत खळबळ उडवली. पुढचा छोटा पंख आधी स्टॉल व्हावा, नाक आपोआप खाली यावं, मुख्य पंख शाबूत राहावा, अशी ती मांडणी. पुढे लाँग-ईझ आलं. त्याच धर्तीचं एक संशोधन विमान बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजनंही बनवलं. पण रुटान यांच्या या विमानांत पावसाचे थेंब पुढच्या पंखावर बसले की त्याची उचल घटायची आणि नाक खाली झुकायचं. शेवटी जॉन रॉन्झ यांनी त्या पंखाचा आडवा छेदच (कापून पाहिल्यावर दिसणारा आकार) नव्यानं आखला.

नेहमीच्या मांडणीच्या विमानांसाठी खरा धडा नासाच्या लँग्ली केंद्रातून आला. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तिथे छोट्या विमानांच्या पंखांची पुढची कड खाली झुकवून पाहिली. पूर्ण लांबीभर झुकवली तर गिरकी उलट आणखी वाईट झाली. फक्त टोकाकडचा भाग झुकवून मध्ये एक स्पष्ट पायरी ठेवली, तेव्हा टोक शेवटपर्यंत उचल देत राहिलं. बुंधा, म्हणजे पंख धडाला जोडतो तो भाग, आधी उचल सोडतो, विमान थरथरून इशारा देतं आणि टोकाजवळच्या एलेरॉनांचा (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पाळ्यांचा) ताबा राहतो. पुढे सिरससारख्या विमानांनी ही पायरी उचलली.

आपल्याकडे घरी विमान बांधणाऱ्यांची जमात विरळच. अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाला 2017 मध्ये नोंदणी मिळाली, ती बातमी म्हणूनच गाजली.

सोलापुरात उन्हाचं गणितही धरावं लागतं. धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,600 फुटांवर. पारा 42 अंशांवर गेला की हवा पाच हजार फुटांवर असावी तितकी विरळ होते. वेगदर्शकावर स्टॉलचा आकडा तोच दिसतो, प्रत्यक्ष वेग मात्र साधारण आठ टक्के जास्त असतो आणि धाव लांबते.

पंखाचा कुठला भाग आधी स्टॉल होतो हे तपासायची पद्धत अजून जुनीच आहे. पंखाच्या वर सुताचे तुकडे चिकटवायचे (सुताला इथे तोटा नाही), पुरेशा उंचीवर जाऊन हळूहळू वेग कमी करायचा आणि कुठले तुकडे आधी वळवळतात ते बघायचं. टोकाकडचे आधी हलले, तर बुंध्याजवळ पुढच्या कडेला एक छोटी तिकोनी पट्टी टेपनं लावायची, पुन्हा उडायचं, बोटभर सरकवायची, पुन्हा उडायचं. जागा पक्की झाल्यावरच ती रिव्हेटनं ठोकायची.