गाठ आपली चरबी आपणच विणते

‘आहारातली चरबी बंद करा, कर्करोगाची गाठ उपाशी मरेल,’ असा एक संदेश मोबाइलवर फिरतोय. असलं वाचून घरचे रुग्णाचं जेवण तोडतात, म्हणून लिहायला बसलो. उपचार चालू असताना वजन उतरणं रुग्णाला परवडत नाही. शिवाय बऱ्याच गाठी चरबीसाठी ताटाकडे बघत बसत नाहीत.

एका पेशीच्या दोन व्हायच्या तर पेशीपटलही, म्हणजे पेशीभोवतीचं आवरणही, दुप्पट लागतं, आणि पटल बनतं मुख्यतः मेदाम्लांच्या, म्हणजे चरबीच्या मूळ घटकांच्या, साखळ्यांपासून. प्रौढ शरीरातल्या बहुतेक पेशी ही मेदाम्लं रक्तातून आयती उचलतात. गाठींचं तसं नाही, हे जीवरसायनशास्त्रज्ञ ग्रेस मीडीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली दाखवलं. गाठींच्या ऊती मेदाम्लं स्वतः तयार करत होत्या.

हे काम करणारं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, आहे फॅटी अॅसिड सिंथेज. मला ते विलक्षण वाटतं. सुमारे अडीच हजार अमिनो आम्लांची एक साखळी, अशा दोन साखळ्या एकमेकींना बिलगलेल्या. त्यात एक लवचिक हात असतो. वाढतं मेदाम्ल या हाताच्या टोकाला लटकतं आणि हात ते एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात फिरवतो. सुरुवात दोन कार्बनच्या तुकड्यापासून. पुढचा तुकडा जोडायला येतो तो मात्र तीन कार्बनचा, मॅलोनिल. जोडणी होताच त्यातला एक कार्बन डाय-ऑक्साइड होऊन निघून जातो. आधी एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्चून जो कार्बन चिकटवला, तोच लगेच सोडून द्यायचा? यातच खुबी आहे. तो वायू सुटताना जोडणी पुढे रेटली जाते, उलटी फिरत नाही. मग जोडाजवळचा ऑक्सिजन काढायचा: हायड्रोजन द्या, पाणी काढा, पुन्हा हायड्रोजन द्या. दर फेरीला हा हायड्रोजन पुरवणाऱ्या एनएडीपीएचचे दोन रेणू खर्ची पडतात. अशा सात फेऱ्या, म्हणजे चौदा रेणू. साखळी सोळा कार्बनची झाली की शेवटचा कप्पा ती कापून मोकळी करतो. हे झालं पामिटिक आम्ल.

कच्चा माल बराचसा ग्लुकोजमधून येतो. ‘मग साखर सोडू’ म्हणाल, तर साखर न खाताही यकृत रक्तातलं ग्लुकोज टिकवून धरतं.

पण नुसत्या पामिटिक आम्लाच्या सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात आणि पटल ताठर होतं. म्हणून एससीडी नावाचं दुसरं एन्झाइम साखळीत दुहेरी बंध घालून तिला बाक आणतं. त्याला ऑक्सिजन लागतो, आणि गाठीच्या गाभ्यात तर ऑक्सिजनचीच वानवा. तिथल्या पेशी मग असंतृप्त, म्हणजे दुहेरी बंध आधीच असलेली, मेदाम्लं बाहेरून ओढतात. एक वाट अडवली तरी गाठ दुसरी शोधते ती अशी.

‘चरबीविरोधी गोळीने कर्करोग बरा’ छापाच्या बातम्यांचं मूळही इथेच आहे. ऑर्लिस्टॅट हे लठ्ठपणावरचं औषध आतड्यात चरबी पचू देत नाही. तेच औषध सिंथेजचा तो कापणारा कप्पा बंद पाडतं, असं २००४ साली आढळलं. मात्र ऑर्लिस्टॅट आतड्यातून रक्तात जवळपास उतरतच नाही. गोळी गिळली तरी ती गाठीपर्यंत पोचत नाही. म्हणून रक्तात उतरतील असे, सिंथेजला रोखणारे वेगळे रेणू बनवावे लागले आणि त्यांच्या माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या.