आठ महिन्यांचं बाळ डावखुरं नसतं

"आमचं पिल्लू आजोबांवर गेलंय, सगळं डाव्या हातानं करतं." बाळ आठ महिन्यांचं असेल तर या वाक्याचं कौतुक करण्याआधी त्याचा उजवा हात नीट पाहावा. पहिल्या वाढदिवसाआधी निरोगी बाळाचं उजवं-डावं ठरलेलं नसतं. खुळखुळा उजवीकडे धरला तर उजवा हात पुढे येतो, डावीकडे धरला तर डावा. दर वेळी एकच हात अंगावरून आडवा येऊन दुसऱ्या बाजूची वस्तू घेत असेल, तर दुसरा हात मागे पडलाय. त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे जन्माच्या आसपास मेंदूत झालेला स्ट्रोक, म्हणजे पक्षाघात.

तान्ह्या बाळाला पक्षाघात होतो, हेच अनेकांना पटत नाही. अडीच ते पाच हजार जन्मांमागे एक असं प्रमाण बरीच वर्षं सांगितलं जायचं. एमआरआय सर्रास होऊ लागल्यापासून ते त्याहून जास्त भरतंय. बऱ्याच तज्ज्ञांच्या मते हा स्ट्रोक घडवणारी रक्ताची गुठळी वारेतून येते. गर्भात हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये झडपेसारखं भोक उघडं असतं, कारण फुप्फुसांचं काम अजून सुरू झालेलं नसतं. नाळेतून आलेली गुठळी त्या भोकातून डावीकडे जाते आणि तिथून वर मेंदूकडे. ती बरेचदा डाव्या मेंदूच्या मधल्या धमनीत अडकते. डावा मेंदू उजवा हात चालवतो, म्हणून ही 'डावखुरी' बाळं. यात आईनं ग्रहणात विळी हातात घेतल्याचा संबंध कुठेच येत नाही. घरात तो विषय निघाला की तिथेच थांबवावा, कारण पुढची दोन वर्षं सगळ्यात जास्त कष्ट त्या आईलाच करायचे असतात.

काही बाळांना पहिल्या दोन-तीन दिवसांतच झटके येतात. एकच हात ठेक्यात उडतो आणि आपण तो धरला तरी आपल्या मुठीत उडतच राहतो. (नुसती थरथर असेल तर धरल्यावर थांबते. हा फरक प्रत्येक बाळंतिणीच्या खोलीत माहीत हवा.) पण बऱ्याच बाळांना काहीही होत नाही. ती छान दूध पितात, वजन धरतात, घरी जातात, आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात कुणाच्या तरी लक्षात येतं की एक मूठ उघडतच नाही, अंगठा आत मुडपलेला राहतो.

सहा-सात महिन्यांच्या बाळाला पाठीवर झोपवून चेहऱ्यावर पातळ रुमाल टाका. ते लगेच ओढून काढेल. आता त्याचा एक हात हलकेच धरून ठेवा आणि पुन्हा टाका. मग दुसरा हात धरून. एका बाजूनं रुमाल झटक्यात निघाला आणि दुसऱ्या बाजूनं बाळ नुसतं डोकं हलवत चिडलं, तर बालमेंदूतज्ज्ञांची वेळ घ्या. "थोडं मोठं होऊ दे, मग बघू" हा सल्ला इथे का महागात पडतो, ते आता सांगतो.

मेंदूच्या पृष्ठभागापासून मज्जारज्जूपर्यंत जाणाऱ्या, हात हलवणाऱ्या तंतूंच्या जुडग्याला कॉर्टिकोस्पायनल मार्ग म्हणतात. हे तंतू वाटेत बाजू बदलतात: डावीकडचे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे. शाळेत आपण इतकंच शिकलो. गंमत अशी की जन्मतः हे चित्र एवढं स्वच्छ नसतं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधक जॅनेट आयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्याजवळ चुंबकीय कॉइल धरून मेंदूच्या एका बाजूला हलकं स्पंदन दिलं आणि दोन्ही हातांच्या स्नायूंचा प्रतिसाद मोजला. नवजात बाळात मेंदूची एक बाजू दोन्ही हातांशी बोलत होती. पहिल्या दोन वर्षांत स्वतःच्याच बाजूच्या हाताकडे जाणाऱ्या जोडण्या विरत जातात आणि पलीकडच्या पक्क्या होतात.

कोणती जोडणी टिकणार हे ठरतं स्पर्धेनं. मज्जारज्जूतल्या एकाच पेशीवर दोन्ही बाजूंच्या तंतूंची टोकं येऊन बसलेली असतात. ज्याचे संदेश जास्त आणि वेळेवर येतात तो जागा धरतो, दुसरा मागे हटतो. आता एका बाजूला स्ट्रोक झालेला आहे असं समजा. तिकडचे सगळे तंतू मेलेले नसतात, पण जे उरलेत ते कमी बोलतात. निरोगी बाजूचे तंतू, जे एरवी मागे हटले असते, ते दोन्हीकडे ठाण मांडून बसतात आणि उरलेल्यांना हुसकावतात. म्हणजे स्ट्रोकनं जे वाचवलं होतं, ते नंतरच्या महिन्यांत स्पर्धेत हरतं. आयर यांच्या गटाला हेच दिसलं: स्ट्रोक झालेल्या बाजूकडून कमजोर हातात सुरुवातीला प्रतिसाद मिळत होता, पुढे काही मुलांत तो हळूहळू नाहीसा झाला.

"जन्मलं तेव्हा चांगलं होतं, मग बिघडलं" असं आईवडील सांगतात ते म्हणूनच बरोबर असतं. नवजात बाळाची हालचाल मुख्यतः खालच्या, जुन्या केंद्रांवर चालते. मेंदूच्या पृष्ठभागाचा ताबा काही महिन्यांनी येतो आणि उणीव तेव्हाच उघडी पडते. दुर्दैवानं लसीकरणाची वेळही तीच असते. मग दोष लशीला जातो, नाहीतर दृष्ट लागण्याला.

न्यूयॉर्कचे संशोधक जॉन मार्टिन यांनी मांजरीच्या पिल्लांवर हे आणखी नेमकं दाखवलं. मेंदूच्या एका बाजूचं हालचालीचं क्षेत्र पाचव्या ते सातव्या आठवड्यात औषधानं गप्प केलं, की पिल्लाचा पलीकडचा पंजा कायमचा अडखळतो. पण लगेच पुढे, सातव्या ते अकराव्या आठवड्यात, दुसरी म्हणजे जिंकलेली बाजू गप्प केली, तर हरलेले तंतू परत जागा मिळवतात आणि पंजा सुधारतो. डोळ्यांच्या दवाखान्यातला आळशी डोळा आठवा. चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधतात ती याच तत्त्वावर. हाताचंही तसंच, आणि इथेही खिडकी लवकर बंद होते.

यात एक वळण आहे, जरा अवघड आहे, पण सोडवत नाही. स्ट्रोक किंवा रक्तस्राव गर्भात खूप लवकर, साधारण बत्तीस-चौतीस आठवड्यांच्या आत झाला, तर स्पर्शाची बातमी वर आणणारे तंतू अजून वाटेतच असतात. ते जखमेला वळसा घालून आपल्या मूळ ठिकाणी पोचतात. आज्ञा नेणारे तंतू मात्र निरोगी बाजूचे राहतात. अशा मुलाच्या हाताला आज्ञा एका मेंदूकडून येते आणि स्पर्शाची बातमी दुसऱ्या मेंदूला जाते. दोन्ही हातांना आज्ञा एकाच बाजूकडून आल्याची खूण पुढे दिसते: मूल चांगल्या हातानं बाटलीचं झाकण फिरवतं आणि मांडीवर पडलेला कमजोर हातही आपोआप पीळ घेतो. ओरडून ते थांबत नाही. तार एकच आहे.

आता हातासाठी पट्टीऐवजी काय? पायातला मोजा. चांगल्या हातावर साधा सुती मोजा किंवा बोटांचे वेगळे कप्पे नसलेलं मऊ हातमोजं चढवायचं आणि कमजोर हाताला काम द्यायचं. स्वीडनमध्ये एक वर्षाखालच्या बाळांसाठी बसवलेला क्रम असा: रोज ३० मिनिटं, आठवड्यातून ६ दिवस, ६ आठवडे; मग ६ आठवडे सुट्टी; मग पुन्हा ६ आठवडे. मोठ्या मुलांसाठी रोज साधारण २ तास, ८ आठवडे. ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजच्या कामांसाठी हात तयार करणारे तज्ज्ञ) शिकवतात, करतात घरचेच.

बाळाला पाठीला आणि पायांना आधार देऊन बसवा. तोल सांभाळण्यात हात गुंतला तर पकडायला उरत नाही. पहिली खेळणी अशी की नुसता हात लागला तरी काहीतरी घडावं: मोठी प्लास्टिकची बांगडी, मूगडाळ भरून झाकण घट्ट चिकटवलेली छोटी बाटली, उपडी स्टीलची वाटी. वस्तू कमजोर बाजूला, पोचता येईल अशी ठेवा आणि थांबा. मनात वीसपर्यंत मोजा. हे थांबणंच सगळ्यात अवघड, कारण आजीला राहवत नाही आणि ती खेळणं हातात कोंबते. तंतूला बळ मिळतं ते बाळानं स्वतः हात उचलायचा प्रयत्न केल्यावर. आपण हात हलवून दिला तर सांधा मोकळा राहतो, बाकी फारसं काही नाही. बाळ रडायला लागलं तर खेळणं अवघड आहे, सोपं द्या. मोजा घालून रांगू किंवा चालू देऊ नका, पडताना सावरणारा हात तोच असतो. आणि जोशात येऊन दिवसभर मोजा ठेवू नका, प्लास्टर तर या वयात नकोच: चांगल्या हाताचे तंतूही अजून घडताहेत, त्यांना फार गप्प केलं तर तेही मागे पडू शकतात.

दोन वर्षांनंतर भर दोन हातांच्या कामावर. कमजोर हात बहुधा मदतनीसच राहणार, पण चांगला मदतनीस व्हावा. मटारच्या शेंगा सोलणं, केळं सोलणं, डब्याचं झाकण काढणं, छोटं लाटणं. एका हातानं जमणारं काम दिलं तर मूल ते एकाच हातानं करणार, यात त्याचा आळस नाही. म्हणून दुसऱ्या हाताशिवाय होणारच नाही असं काम निवडायचं.

कपडे घालताना कमजोर हात आधी, काढताना तोच शेवटी. उचलताना त्या हाताला धरून ओढू नका, खांदा निसटतो. पायाची टाच उचललेली राहत असेल तर एएफओ हा घोटा आणि पाऊल सरळ धरणारा आधार, म्हणजे स्प्लिंट, मिळतो. त्या पायाचा बूट बहुधा एक नंबर मोठा लागतो आणि आत बिनसुरकुतीचा मोजा हवा. स्प्लिंट काढल्यावर लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही तर तो बोचतोय, बदलून घ्या. उंची झपाट्यानं वाढते त्या महिन्यांत पोटरी मागे राहते आणि चांगलं चालणारं मूल पुन्हा चवड्यावर येतं. आजार परतला म्हणून घाबरू नका, पण स्नायू आखडण्याआधी दाखवा.

आकडी कधीही येऊ शकते. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा-बोट काही घालू नका. चप्पल किंवा कांदा हुंगवून आकडी थांबत नाही. ती बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपणहून थांबते आणि श्रेय कांद्याला जातं. डॉक्टरांनी नाकात मारायचा, आकडी थांबवणारा मिडाझोलाम फवारा दिला असेल तर सांगितल्या वेळी मारा. पाच मिनिटं उलटली तर रुग्णालय.

थोड्या मोठ्या मुलांचा स्ट्रोक वेगळा. सहा महिने ते दोन वर्षांचं मूल पलंगावरून पडतं, रडून शांत होतं आणि काही मिनिटांनी किंवा तासांनी एक बाजू लुळी पडते. भारतातल्या डॉक्टरांनी अशी बरीच मुलं नोंदवली आहेत. त्यांच्या मेंदूच्या आतल्या बारीक धमन्यांत कॅल्शियमच्या रेघा असतात. त्या सीटी स्कॅनमध्ये दिसतात, एमआरआयमध्ये निसटू शकतात. या मुलांना काही काळ कमी डोसाचं ॲस्पिरिन देतात, वजनाच्या दर किलोला दिवसाला ३ ते ५ मिलिग्रॅम. त्या काळात कांजिण्या किंवा फ्लू आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, कारण या तापांत ॲस्पिरिननं यकृत आणि मेंदूला इजा होऊ शकते. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकल सेल (लाल पेशी विळ्यासारख्या होणारा रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलांचा प्रश्न आणखी निराळा: तिथे डोक्यावरून होणाऱ्या डॉप्लर तपासणीत रक्ताचा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा जास्त आला तर नियमित रक्त देऊन पहिला स्ट्रोकच टाळता येतो. जन्माच्या वेळचा स्ट्रोक मात्र सहसा पुन्हा होत नाही. त्या बाळांना बहुधा ॲस्पिरिनही लागत नाही.

स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या, उपचारांच्या जाहिराती तुमच्यापर्यंत पोचतीलच. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं प्रत्यारोपण सोडलं, तर रीतसर नोंदवलेल्या चाचणीबाहेर स्टेम सेल उपचार म्हणून द्यायला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक सूचनांत परवानगी नाही. आणि चाचणीत भाग घेतल्याचे लाखो रुपये कुणी मागत नाही. कबुतराचं रक्त चोळणारे निदान स्वस्त तरी असतात, पण महिने तेही खातात, आणि इथे महिनेच मोजके आहेत.

भाषेची काळजी त्या मानानं कमी. डावा मेंदू गेलेल्या प्रौढाची बरेचदा वाचा जाते. नवजात बाळात तेच काम उजवा मेंदू उचलतो आणि मूल बोलू लागतं, थोडं उशिरा. शाळेत त्रास होतो तो लक्ष टिकवण्यात, गणितात आणि वेगात. काही मुलांना कमजोर बाजूचं अर्धं दृश्य दिसत नाही. उजवीकडचं दिसत नसेल तर वर्गात उजव्या बाजूला बसवा, म्हणजे फळा डावीकडे येतो. अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. आणि लिहिताना वही सरकते, कारण ती धरायचं काम कमजोर हाताचं. कपाटाच्या फळीवर अंथरतात ती रबरी जाळी मिळते, तिचा वहीएवढा तुकडा कापून दप्तरात ठेवा.