जावा-येझदी उभी करणे

म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ ते १९९६ या काळात बनवलेल्या मोटारसायकली पुन्हा चालत्या करणे. गॅरेजच्या बोलीत ‘गाडी बनवणे’. चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या परवान्यावर सुरू झालेल्या या कारखान्याच्या गाड्यांवर सत्तरच्या दशकात ‘येझदी’ हे नाव आले. ओळख मात्र तीच राहिली: अडीचशे सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, आणि आत दाबून वर उचलली की किक होणारी गिअरची दांडी. नवखा माणूस वेगळी किक शोधत बसतो.

कमी पैशांत बनवायला ही गाडी सोयीची, कारण इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, ते उघडणारा कॅमशाफ्टही नाही, म्हणजे झिजणारे भाग कमी. तरी पहिला खर्च कागदपत्रांचा धरावा. खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर. चासी नंबर खोडलेली गाडी फुकट मिळाली तरी महागच पडते.

हात आखडता घ्यायचा तो रंग आणि क्रोमवर, इंजिनावर नव्हे. झिजलेला सिलिंडर लेथवर बोअर करून, म्हणजे आतून कोरून, ओव्हरसाइज (किंचित मोठा) पिस्टन बसवतात, हे कोणताही मेकॅनिक सांगेल. खरी मेख क्रँकमध्ये, म्हणजे पिस्टनची ये-जा फिरतीत बदलणाऱ्या दांड्यात असते. तो तुकडे दाबून जोडलेला असल्याने नवी कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारी दांडी) घालताना प्रेसवर सोडवून पुन्हा जुळवावा लागतो आणि किती ‘आउट’, म्हणजे फिरताना किती वाकडा आहे ते डायल गेज (बारीक फरक दाखवणारे मापयंत्र) लावून पाहावे लागते. त्यासोबत क्रँकची ऑइल सील बदललीच पाहिजेत. सीलमधून हवा शिरू लागली की पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते, उभ्या गाडीची रेस आपोआप चढते आणि एखाद्या लांब चढावर पिस्टन जाम होतो. क्लचच्या बाजूचे सील गेले तर गिअरचे ऑइल आत ओढले जाते. धूर दाट होतो आणि लोक उगीच पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचे स्क्रू पिळत बसतात.

पेट्रोलची टाकी घरीच साफ होते. व्हिनेगर आणि मूठभर नट-बोल्ट आत टाकून ती हलवायची, तांबूस पाणी ओतून द्यायचे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन उन्हात कोरडी करायची आणि लगेच आतून तेलाचा हात फिरवायचा. एक रात्र ओली राहिली तर गंज परत धरतो. सुट्या भागांसाठी पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार धुंडाळावा. २०१८ मध्ये परत आलेल्या जावाचे इंजिन फोर-स्ट्रोक आहे, त्यामुळे त्याचे भाग इथे उपयोगाचे नाहीत.

हौसेच्या बदलांत सहा व्होल्टचे वायरिंग बारा व्होल्टवर नेणे सर्वांत कामाचे. मिणमिणता दिवा रात्री जिवावर बेतू शकतो. सपाट हँडल, आखूड मडगार्ड, एकेरी सीट हे शोभेचे. फ्रेम कापू नये: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल चालत नाही. शिवाय ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. म्हणून काढलेले मूळ मडगार्ड भंगारात न घालता माळ्यावर टाकावे.