ट्रकचा आवाज आणि फास्टॅगची लहर

हरभऱ्याला घाटे धरले की आमच्या वर्धा जिल्ह्यात रात्री जागलीला जावं लागतं. मचाणावर डोळ्यांपेक्षा कान जास्त कामाला येतात; रानडुकरांचा कळप अंधारात आधी ऐकू येतो. महामार्गालगतच्या वावरात आता तेही अवघड झालंय. हिवाळ्यात रात्री जमिनीजवळची हवा थंड आणि वरची उबदार असते. त्यामुळे वर निघालेला आवाज पुन्हा खाली वळतो आणि टायरांची घरघर लांबवर पोचते.

यावर उपाय म्हणजे रस्त्याकडेची ध्वनिरोधक भिंत. खवासापलीकडे, मध्य प्रदेशात, पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर तशा पोलादी भिंती आहेत. पण पोलाद रेडिओलहरी परत फेकतं. अशी भिंत टोलनाक्याजवळ असली, तर लहर तिच्यावर आपटून भलत्याच रांगेतल्या गाडीचा फास्टॅग वाचला जाऊ शकतो.

मग दोन्ही लहरी गिळणारी भिंत बांधता येईल? इथला एक योगायोग मला फार आवडतो. टायरांच्या आवाजाचा जोर १००० हर्ट्झच्या आसपास असतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणून त्या लहरीची लांबी ३४ सेंटिमीटर. फास्टॅग चालतो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर. त्याची लहर प्रकाशाच्या वेगाने धावते, तरी तिची लांबी भरते जेमतेम ३५ सेंटिमीटर! एक हवेची थरथर, दुसरी विद्युतचुंबकीय. माप मात्र एकच.

म्हणून दोघींचा सापळाही एकाच जागी लावता येतो. मागच्या पोलादी पत्र्यापासून लांबीच्या चौथ्या हिश्शावर, म्हणजे साधारण साडेआठ सेंटिमीटरवर, हवेचे कण सर्वांत जोरात हलतात. तिथे काचलोकरीसारखा सच्छिद्र थर असला की घर्षणाने आवाजाची उष्णता होते. रेडिओलहरीचं विद्युतक्षेत्रही तिथेच सर्वांत तीव्र असतं. त्याच जागी कार्बनचा लेप दिलेलं, दर चौरसाला ३७७ ओहम रोधाचं कापड ताणलं, की तीही उष्णतेत विरते.

खरी अडचण पुढच्या आवरणाची. तिथे नेहमी छिद्रांचा धातूचा पत्रा लावतात. बारीक छिद्रांतून आवाज आत शिरतो, रेडिओलहर शिरत नाही. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारातली जाळी तिला अशीच अडवते. त्यामुळे आवरण फायबरग्लासचं हवं. शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यात लोकरीत पाणी साचलं तर दोन्ही गणितं बिघडतात. तळाशी निचरा हवाच.

इंजिनाची १०० हर्ट्झची घुरघुर मात्र भिंतीच्या माथ्यावरून वळून येणारच. तिची लहर जवळजवळ साडेतीन मीटरची. पण हरभऱ्यात शिरलेल्या डुकराची खसफस वरच्या पट्टीतली असते. तिला बुडवतो तो टायरांचा आवाज, आणि भिंत अडवते तोही तोच.