जुन्या घरगुती एस्प्रेसो यंत्राची दुरुस्ती व ध्वनिशमन

दुसऱ्याने वापरलेले एस्प्रेसो यंत्र, म्हणजे गरम पाणी दाबाने ढकलून दाट कॉफी काढणारे यंत्र, उघडून साफ करणे, झिजलेले भाग बदलून ते पुन्हा चालते करणे आणि त्याच्या पंपाचा आवाज सुसह्य करणे, अशी ही जोडकामे आहेत. अनेक जण ती वेगळी मानतात आणि तिथेच फसतात. जुन्या यंत्राच्या गोंगाटाचा बराचसा भाग बिघाडामुळे होत असतो. दुरुस्ती टाळून आत नुसता स्पंज कोंबला, तर बिघाड तसाच राहतो, फक्त ऐकू येईनासा होतो.

या कामासाठी सर्वाधिक पसंती मिळालेल्या यंत्रांपैकी एक म्हणजे इटलीचे ‘गॅजिया क्लासिक’. मिलानच्या आकिले गॅजिया यांनी १९३८ मध्ये कॉफी यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला होता आणि महायुद्धानंतर त्यांच्या तरफेच्या यंत्रांनी दाबाखाली काढलेली, वर दाट फेस येणारी कॉफी रूढ केली. क्लासिक हे १९९१ मध्ये आलेले घरगुती मॉडेल. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत सर्किट बोर्ड नाही. तीन स्विच, थर्मोस्टॅट, पंप, व्हॉल्व्ह आणि जेमतेम १०० मिलिलिटरचा ॲल्युमिनियमचा बॉयलर, एवढाच संसार. पोर्टाफिल्टर (कॉफीची पूड भरून यंत्राला अडकवायचा दांडीचा कप) मात्र कॅफेतल्या यंत्रांसारखा ५८ मिलिमीटरचा. स्क्रू-ड्रायव्हर, पाने आणि मल्टिमीटर असलेल्या माणसाला ते पूर्ण उकलता येते.

आवाजाचे मूळ पंपात आहे. अशा यंत्रांत बहुधा कंपनावर चालणारा, ‘उल्का’ या इटालियन कंपनीचा छोटा पंप असतो. त्यातल्या तारेच्या वेटोळ्यातून वीज गेली की लोखंडी दट्ट्या खेचला जातो आणि वीज थांबली की स्प्रिंग त्याला परत ढकलते. वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या डायोडमधून प्रवाहाचा अर्धाच भाग जात असल्यामुळे ५० हर्ट्झच्या विजेवर दट्ट्या सेकंदाला ५० ठोके देतो. म्हणजे गुणगुण हा या पंपाचा दोष नव्हे, तीच त्याची चाल आहे. ती घरभर ऐकू येते ती पत्र्याच्या पेटीमुळे. तंबोऱ्याच्या तारेला भोपळा जसा आवाज देतो, तसा ही पेटी पंपाला देते.

चांगल्या पंपाचा आवाज कॉफीवर दाब चढताच बदलतो, जड आणि दबका होतो. टाकीत पाणी असूनही कोरडा खडखडाट चालू राहिला, तर पंपात हवा शिरली आहे किंवा पाण्याची नळी कुठे तरी गळते आहे. आवाज येतो पण पाणी येत नाही, तेव्हा पंपाचे व्हॉल्व्ह झिजलेले असू शकतात किंवा पुढची वाट क्षारांनी बुजलेली असते. पंपाच्या ठोक्यांत मिसळलेली वेगळी भुणभुण आली, तर तीन तोंडांचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडझाप होणारी झडप) तपासावा. आत कण अडकून त्याचा गज पूर्ण बसत नाही आणि तो थरथरत राहतो. व्हॉल्व्ह खोलून साफ केला की ही भुणभुण बहुतेक वेळा जाते.

साफसफाईत सर्वांत मोठी चूक घाईची. क्षार काढण्यासाठी लिंबूफूल चालते, लिटरभर पाण्यात १५–२० ग्रॅम पुरते; पण वर्षानुवर्षे न उघडलेल्या बॉयलरमध्ये ते नुसते सोडले, तर सुटलेले पापुद्रे नेमके सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात जाऊन बसतात. म्हणून जुने यंत्र आधी उघडावे: बॉयलरचे चार बोल्ट काढून दोन्ही भाग वेगळे करावेत, पापुद्रे हाताने काढावेत आणि मधली रबरी रिंग नवी घालावी. ॲल्युमिनियमला आम्ल आणि तीव्र अल्कली दोन्ही सोसत नाहीत, त्यामुळे भाग द्रावणात रात्रभर भिजत ठेवू नयेत. कॉफीचे तेल काढण्याच्या पावडरीने ते काळे पडतात. पोर्टाफिल्टर बसतो तिथले गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी रबरी चकती, बहुधा दगडासारखी झालेली असते. ती टोच्याने उचकटून नवी बसवली की कडेने होणारी गळती थांबते.

विजेची तपासणी मात्र सगळ्याच्या आधी. प्लग काढलेला असावा. क्लासिकचे हीटर बॉयलरच्या धातूतच ओतलेले आहेत. त्यांतली वीज यंत्राच्या अंगात गळत असेल, तर अर्थ लीकेज ब्रेकर पडतो आणि अख्खा बॉयलर बदलण्याला पर्याय नसतो. मग ते यंत्र घ्यावे की नाही, हा पैशाचा प्रश्न उरतो.

एवढे झाल्यावर ध्वनिशमनाला हात घालावा. पंपाला धरणारे रबर उष्णतेने कडक झालेले असते. ते नवे, मऊ घातले की सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त फरक पडतो. त्यानंतर पंपाला जोडलेली एकेक वस्तू बघावी. कडक नळी पत्र्याला टेकते का? वायरचा झुबका थरथरतो का? टाकीतली नळी भिंतीवर आपटते का? ठिबक-ताट आणि वरचे झाकणही वाजते, त्यांच्या कडांना सिलिकोनचे ठिपके पुरतात. मोटारीच्या दारांना आतून लावतात ती ब्यूटाइलची जड शीट पेटीच्या बाजूंना लावल्यास पत्र्याची थरथर मरते, पण बॉयलरजवळ ती लावू नये. पंप स्पंजमध्ये गुंडाळणे तर अजिबात नको. हा पंप सलग चालवण्यासाठी नसतोच, साधारण दोन मिनिटे चालवून एक मिनिट थांबणे त्याला अभिप्रेत आहे. कोंडलेल्या उष्णतेने त्याचे वेटोळे जळते.

डिमर लावून पंप मंद करण्याचीही पद्धत आहे. त्याने आवाज उतरतो, पण दाबही उतरतो. कॉफी आधी हळू भिजवण्यासाठी तो उपयोगी आहे. दाब मर्यादेत ठेवणाऱ्या व्हॉल्व्हची स्प्रिंग बदलून दाब ९ बार (बार हे दाबाचे एकक) करणे ही चवीसाठी केलेली सुधारणा आहे, शांततेसाठी नव्हे.

अमेरिकेतून सामानासोबत आलेल्या यंत्रांबाबत मराठी घरांत एक गफलत होते. त्यांच्या पाटीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असते. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. भारतात असा पंप सेकंदाला ५० ठोकेच देतो आणि वेटोळे जास्त तापते. शिवाय हजाराहून अधिक वॅट पेलणारा ट्रान्सफॉर्मर स्वतःच जड असतो आणि गुणगुणतो. त्यापेक्षा २३० व्होल्टचे यंत्र शोधून १६ अँपिअरच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटवर चालवावे. बोअरवेलचे पाणी टाकीत घालू नये, क्षार लवकर परततात.

इतके करूनही पंपाची गुणगुण उरतेच. तीही नको असेल, तर फिरत्या पंपाचे मोठे व महाग यंत्र किंवा हाताने दाब देण्याचे, ‘ला पावोनी’सारखे तरफेचे यंत्र घ्यावे लागते.